माशांना आरओ कशाला?

‘आपण जे पाणी पितो तेच मुक्या जिवाला द्यावं’ हे वाक्य कानाला इतकं गोड लागतं की त्याला विरोध करणारा आपोआप दुष्ट ठरतो. मी तो दुष्टपणा करणार आहे. गेली काही वर्षं हे वाक्य मी माशांच्या दुकानात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि नातेवाइकांच्या हॉलमध्ये ऐकतो आहे. सल्ल्याचं पूर्ण रूप असं असतं: टँकमध्ये फक्त आरओचंच पाणी घाला, आरओची सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करून घ्या, आणि सर्व्हिसवाला आलाच आहे तर टँकचा फिल्टरही त्याच्याकडून बदलून घ्या. यातलं मधलं म्हणणं बरोबर आहे. पहिलं बहुतेक घरांत चुकीचं आहे. तिसरं माशांच्या जिवावर उठणारं आहे.

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच आधी मांडतो, म्हणजे सोयीचं तेवढं उचललं असं कोणी म्हणायला नको. हा पुरावा आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. नातवाच्या हट्टापायी त्यांनी दोन फुटी टँक आणला, त्यात सहा गोल्डफिश सोडले. (दोन फुटांत सहा गोल्डफिश म्हणजे वन-रूम-किचनमध्ये वऱ्हाड उतरवणं, पण ते भांडण आज नको.) दर रविवारी आरओचं पाणी, मापून. पाच महिने सगळं आलबेल. मे महिन्यात आरओचा पंप गेला, दुरुस्तीला दोन आठवडे लागतील असं कळलं. मग काकांनी नाइलाजाने नळाचं पाणी बादल्यांत भरलं, त्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाकले आणि अर्धा टँक बदलला. सकाळी चार मासे पोट वर करून तरंगत होते.

“बघा,” काका मला म्हणाले, “तुम्हीच म्हणायचात ना, नळाचं चालतं म्हणून? पाच महिने आरओवर एकाला शिंक आली नाही. एक दिवस नळाचं घातलं आणि चार गेले.”

यावर काय बोलणार? अँटिक्लोरीन घातलेलं होतं, त्यामुळे क्लोरीनवर खापर फोडायचीही सोय नव्हती. पण काका काटकसरी. टँकमधून काढलेलं जुनं पाणी ते मोरीत ओतत नाहीत, कुंड्यांना घालतात. ती बादली बाल्कनीत तुळशीशेजारी अजून भरलेली होती. मी वर जाऊन माझी तपासणीची पेटी घेऊन आलो. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर जुनं पाणी घेतलं, त्यात पीएचचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं. त्या पेटीत पिवळा म्हणजे सहा किंवा सहाच्याही खाली. त्याखालचं मोजायला तिच्यात रंगच नाही. दुसऱ्या नळीत अमोनियाचे थेंब टाकले आणि आम्ही दोघं घड्याळ बघत बसलो. नळी पिवळीची पोपटी झाली, पोपटीची गर्द हिरवी. मग नळाचं पाणी तपासलं: पीएच साडेसात, अमोनिया नाही.

काकांचा हिशेब तारखांपुरता बरोबर होता. मासे नळाचं पाणी घातल्यावरच मेले. पण ज्या विषाने मेले ते नळातून आलं नव्हतं. ते पाच महिने आरओच्या पाण्यात बसून होतं.

टँकमध्ये काय चालतं ते थोडं उलगडून सांगायला हवं, कारण सगळा वाद इथेच आहे. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा एक बुळबुळीत थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सुसह्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. पण हे काम करताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटवर खर्ची पडतं. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण सात ग्रॅम क्षारता जाते. नळाच्या पाण्यात ही शिल्लक असते आणि दर आठवड्याच्या नव्या पाण्याबरोबर ती पुन्हा भरली जाते. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ शून्य, कारण मेम्ब्रेनने ती गाळून मोरीच्या नळीत सोडून दिलेली असते. मग पीएच घसरत जातो. सहाच्या आसपास आला की जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साठू लागतो.

तरी मासे पाच महिने जगले कसे? अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात. आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. पीएच एका अंकाने चढला की विषारी रूपाचा वाटा साधारण दहापट होतो. सहावरून साडेसातकडे जाताना ही वाढ तीसपटीच्या घरात जाते. अर्धं पाणी बदलल्याने एकूण अमोनिया निम्मा झाला असं धरलं तरी पंधरापट उरतोच. काकांच्या टँकमध्ये विष आधीच भरून ठेवलेलं होतं, नळाच्या चांगल्या पाण्याने फक्त त्याचं झाकण उघडलं. आणि बघणाऱ्याला दिसतं काय? आरओवर जगले, नळावर मेले. घरोघरी हा सल्ला आणखी घट्ट होतो तो असा.

अजून एक गोष्ट बोलता बोलता कळली. पंप जायच्या आधी पंधरा दिवस आरओचा वार्षिक करारवाला येऊन गेला होता. त्याने स्वयंपाकघरातल्या यंत्राच्या कँडल बदलल्या आणि जाता जाता, काकांवरच्या लोभापोटी, टँकमधला काळा पडलेला स्पंजही काढून नवा पांढराशुभ्र बसवून दिला. पैसेही घेतले नाहीत. सुस्तावलेले जे काही जिवाणू उरले होते त्यांतले बहुतेक त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात गेले.

माझं खरं भांडण इथे आहे. ‘फिल्टर’ हा एकच शब्द आपण दोन अगदी उलट्या वस्तूंना वापरतो. आरओतला फिल्टर ही चाळणी आहे. ती भरली, चोंदली की निकामी. तिला बदलण्यातच शहाणपण. टँकमधला फिल्टर ही वस्ती आहे. तो काळपट, चिकट, थोडा ओंगळ दिसतो तेव्हाच तो कामाचा असतो. त्याला नवा करणं म्हणजे भरल्या गावावर नांगर फिरवणं. स्पंज इतका चोंदला की पाणीच पुढे जात नाही, तर टँकमधलंच पाणी बादलीत घ्यावं, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा आणि परत बसवावा. नळाखाली धरू नये, क्लोरीन जिवाणूंनाच मारायला घातलेला असतो. साबण तर नकोच. फाटलाच असेल तर नवा स्पंज जुन्याच्या शेजारी महिनाभर चालवावा आणि मग जुना काढावा. वीज जास्त वेळ जाणार असेल तर बॅटरीवरचा एअर पंप लावावा, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि बंद पडलेल्या फिल्टरमध्ये ते गुदमरतात. एवढंच. याला सर्व्हिसवाला लागत नाही, बादली लागते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “पण शुद्ध पाणी वाईट कसं असेल?” शुद्ध कोणासाठी, हे विचारायला हवं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. त्यामुळे बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सारखं आत शिरत राहतं. मासा ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि त्याबरोबर गेलेले क्षार कल्ल्यांनी पाण्यातून पुन्हा गोळा करतो. पाण्यात कॅल्शियम असलं की कल्ल्यांची ही गळती कमी राहते. ज्या ऑस्मॉसिसशी स्वयंपाकघरातलं यंत्र पंप लावून झुंजतं, त्याच ऑस्मॉसिसशी मासा चोवीस तास कल्ले आणि मूत्रपिंडं घेऊन झुंजत असतो. त्याच्या हातातली सामग्री आपण काढून घेतो आणि त्याला शुद्धी म्हणतो.

माणसाची गोष्ट वेगळी. आपल्याला क्षार जेवणातून मिळतात. आपण पाणी पितो. मासा पाण्यात असतो. गप्पी बघा. महानगरपालिकेचा हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला हेच गप्पी हौदांत, डबक्यांत सोडतो आणि तिथे ते पोराबाळांनी फोफावतात. तोच गप्पी दुकानातून रंगीत शेपटीचा म्हणून आणला की आपण त्याला मेम्ब्रेनमधून काढलेलं पाणी पाजतो. मॉली तर मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, समुद्राजवळच्या मचूळ पाण्यातही राहणारी. तिला नरम पाणी सोसत नाही, ती अंग थरथरवत एकाच जागी डोलत राहते. आणि गोल्डफिश हा चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून मातीच्या कुंड्यांत आणि तळ्यांत वाढवलेला कार्पचा वंशज. त्याची आरओची मागणी कधीच नव्हती.

मागणी आली कुठून, तर भीतीतून. ती विकण्याचा एक खेळ मी स्वतःच्या घरात पाहिला आहे. विक्रेता दोन ग्लास ठेवतो, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवतो आणि बटण दाबतो. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गाळाने भरलेलं. आरओचं जसंच्या तसं. घरातली बाई तोंडावर हात ठेवते. प्रत्यक्षात क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, कांडीचं लोखंड विरघळतं आणि दिसतो तो त्याचा गंज. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहतच नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. मी त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता दाबा. त्याने यंत्र आवरून पिशवीत ठेवलं.

पेनासारखा टीडीएस मीटर हा याच खेळाचा सभ्य भाऊ. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. मीटर वाईट नाही, माझ्या खिशात असतो. पण क्लोरीन किती, अमोनिया किती, कीटकनाशक आहे का, यातलं तो काहीही सांगत नाही. मासे मारायला पुरेल एवढा अमोनिया लिटरला दोन-चार मिलिग्रॅम असतो. त्याने मीटरवरचा आकडा हलला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. काकांच्या टँकचा आकडा शेवटपर्यंत ‘छान कमी’ होता.

आरओ जन्माला आलं तेच मुळी खाऱ्या पाण्यासाठी. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी वापरता येईल असं मेम्ब्रेन तयार केलं, आणि 1965 साली कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा गावात मचूळ पाणी गोडं करायला ते जोडलं गेलं. पुण्याला पाणी येतं खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरमधून. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेच्या तलावांतून. हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी. माझ्या नळाला मीटर शंभर-सव्वाशे दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या मर्यादेच्या आतलं पाणी असेल तिथे आरओवर बंदी आणा असंच सांगितलं होतं, वाया जाणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवून. माणसांच्या बाबतीतही जे अनाठायी ठरतं ते माशांसाठी कशाला? दोन फुटी टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी बसतं. दर रविवारी बारा लिटर बदलायचं तर घरगुती यंत्र त्यासाठी आणखी पस्तीस-चाळीस लिटर मोरीत सोडतं. मे महिन्यात, टँकरच्या रांगेच्या शहरात.

टँकरचं नाव निघालंच, तर तिथे मला दोन पावलं मागे यायला हवं. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत उन्हाळाभर बोअरचं पाणी येतं. बादलीला पांढरे ओघळ, गीझरच्या कॉइलवर खपल्या, मीटरवर आठशे-हजार. मराठवाड्यात याहून जड पाणी पिणारी गावं आहेत. अशा पाण्यात गोल्डफिश आणि मॉली निभावतात. एंजल आणि टेट्रा कुरकुरतात. इथे आरओचा उपयोग आहे, पण मिसळायला: अर्धं हे, अर्धं ते, आणि दर आठवड्याला तेच प्रमाण. या आठवड्यात कॉर्पोरेशनचं, पुढच्यात टँकरचं, त्यानंतर निव्वळ आरओचं, असा झोका माशाला जड पाण्यापेक्षा वाईट. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरून काढायला मात्र निव्वळ आरओच बरं, कारण पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात.

आणि ज्यांना खरंच आरओ लागतं अशी माणसं आहेतच. समुद्री टँकवाले आरओच्या पुढे डीआय रेझिन लावून शून्य टीडीएसचं पाणी काढतात, पण त्यात ते समुद्री मीठ मोजून घालतात. रिओ नेग्रोच्या चहासारख्या नरम पाण्यातून आलेल्या कार्डिनल टेट्राची पैदास करणारे, नाजूक कोळंबी पाळणारे, तेही आरओत क्षार परत घालतात. या मंडळींनी यंत्राची निगा राखलीच पाहिजे, आणि ती कॅलेंडर बघून नव्हे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा बाहेरची पांढरी स्पन कँडल तीन आठवड्यांत चहाच्या गाळणीसारखी होते. ती हिवाळ्यात चार महिने टिकली म्हणून जुलैत टिकेल असं नाही. त्याच दिवसांत क्लोरीनचा वासही वाढतो, म्हणून कार्बनकडे लक्ष हवं. कार्बन थकला की क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर जातो आणि तिचा पातळ पापुद्रा खराब करतो. पाचशे रुपये वाचवायला जाऊन दोन हजारांची मेम्ब्रेन घालवणारे मी पाहिले आहेत. मेम्ब्रेन बदलायची वेळ मीटर सांगतो, हे त्याचं खरं काम: आत जाणारं पाणी 400 आणि बाहेर येणारं 20, तर ती 95 टक्के क्षार अडवते आहे, चालू द्या. बाहेरचं 40 च्या वर जाऊ लागलं की खर्चाची तयारी ठेवा. रात्रभर बंद असलेल्या यंत्राचं पहिलं भांडंभर पाणी टँकसाठी घेऊ नये, त्यात क्षार झिरपलेले असतात आणि मोजमाप चुकतं.

“आमच्या आरओत मिनरल कार्ट्रिज आहे,” असं सांगणारेही भेटतात. ती तुमच्या जिभेसाठी आहे. तिने पाण्याला चव येते. टँकला महिनोन् महिने पुरेल एवढी क्षारता येत नाही. आणि हल्ली कॉपरवाल्या कार्ट्रिजचं कौतुक चाललं आहे, त्याबद्दल एवढंच की तांबं गोगलगायी आणि कोळंबीला विष आहे. दुकानात माशांच्या जंतांवर, परजीवींवर जी औषधं मिळतात त्यांतली काही तांब्याचीच असतात, आणि त्यांच्या बाटलीवर कोळंबीसाठी इशारा छापलेला असतो.

बाकी सगळ्यांना, म्हणजे गोल्डफिश, गप्पी, मॉली, एंजल आणि तो काचेला चिकटलेला सकर एवढाच संसार असलेल्यांना, नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून किंवा अँटिक्लोरीनचे थेंब घालून पुरतं. हे थेंब म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला ‘हायपो’ म्हणायचे तेच. महाग बाटलीतलं काही गूढ रसायन नव्हे.

काकांचे उरलेले दोन मासे अजून आहेत. त्यांना एकदम साडेसातच्या पाण्यात न टाकता आम्ही दहा दिवस रोज दोन-दोन लिटर बदलत गेलो, आणि माझ्या टँकमधला एक जुना काळा स्पंज त्यांच्या नव्या पांढऱ्या स्पंजशेजारी लावला. तो बघून काकू म्हणाल्या, “शी, हे घाण कशाला आणलंत?” महिन्याने अमोनियाची नळी पिवळीच राहिली, पीएच सात-सव्वासातवर थांबला. आरओचा पंप दुरुस्त होऊन आला तरी टँकला आता नळाचंच पाणी जातं. काका अजून पूर्ण पटल्याचं कबूल करत नाहीत. बँकेतल्या सवयीने “बघू, वर्षभराचा ताळेबंद येऊ दे” म्हणतात.

तुमच्याकडेही करारवाला वर्षातून दोनदा येत असेल. त्याला पाणी द्या, चहा द्या, स्वयंपाकघरातलं यंत्र उघडून दाखवा. हॉलमधल्या टँकला मात्र हात लावू देऊ नका.